पॅकेट, फासा आणि हौजीची पिशवी : डिजिटल कार्डगेमच्या हिशेबाचं टेबल (प्रकल्प नोंदी)

१२ जुलै २०२५, शनिवार

सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी दरवर्षी एक कोपरा असतो. यंदा त्यातलं एक टेबल माझ्याकडे आलं आणि विषयही मीच ठरवायचा होता. मी मोबाइलवरचे कार्डगेम घेतले : हार्थस्टोन, मॅजिक अरीना, मार्व्हल स्नॅप, पोकेमॉन टीसीजी पॉकेट. आमच्याकडची बरीच मुलं यातलं काही ना काही खेळतात. घरच्यांच्या लेखी ते सगळं "मोबाइलवर पत्ते", आणि मग एखाद्या महिन्यात यूपीआयच्या मेसेजमध्ये कार्डांच्या पॅकेटांची (आत कुठली कार्डं आहेत ते न कळता विकत घ्यायची) एक रक्कम दिसते नि घरात वाद होतो. त्या वादात दोन्ही बाजूंकडे आकडे नसतात. ते आकडे मला टेबलावर मांडायचे आहेत.

दोन गोष्टी आजच ठरवल्या. टेबलावर स्क्रीन ठेवायची नाही. पायथन या संगणकभाषेतला हिशेब घरी करायचा आणि टेबलावर सगळं हाताने करायचं. दुसरं म्हणजे, हा खेळ चांगला आहे हे आधी सांगायचं आणि तो केवढ्याला पडतो हे त्यानंतर. मी स्वतः कितीतरी वर्षं हे खेळते आहे आणि मला ते मनापासून आवडतात.

१९ जुलै, शनिवार

आज फक्त ओढीबद्दलचा तक्ता लिहिला. ही बाजू नीट मांडली नाही तर टेबलाचा उपदेशाचा स्टॉल होईल आणि मुलं फिरकणार नाहीत.

सुरुवात १९९३ पासून. रिचर्ड गारफील्डने 'मॅजिक: द गॅदरिंग' काढला, तेव्हा खेळाडूने स्वतः निवडलेला डेक (कार्डांचा गठ्ठा) घेऊन समोरच्यासमोर बसायचं, ही त्यातली मोठी कल्पना होती. म्हणजे खेळाचा निम्मा भाग खेळायला बसण्याआधीच, घरी कार्डं पसरून झालेला असतो. मॅजिकमध्ये मानासाठी (कार्ड खेळायला खर्च करायच्या शक्तीसाठी) लँडची कार्डं लागतात आणि ती हातात आलीच नाहीत तर काही न खेळता हरायची वेळ येते. ११ मार्च २०१४ ला आलेल्या हार्थस्टोनने हा भाग काढून टाकला. दर खेपेला मानाचा एक क्रिस्टल आपोआप वाढतो, दहापर्यंत. डेक तीस कार्डांचा, आणि बहुतेक डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात. शिवाय कागदावर जमणार नाहीत अशा गोष्टी त्यात आल्या. नोव्हेंबर २०१५ मधलं 'डिस्कव्हर' घ्या : संगणक तीन कार्डं समोर ठेवतो, त्यातलं एक उचलायचं. तोच डेक रोज खेळला तरी रोज वेगळी अडचण समोर येते.

तक्त्यावर हार्थस्टोनचा एक डाव चित्रासकट काढला आहे, कारण नुसतं "विचार करावा लागतो" म्हणून कुणाला काही कळत नाही. मी मेज (जादूगाराचं पात्र) आहे. समोरच्या वॉरलॉकचे ९ प्राण उरलेत. माझ्या हातात फायरबॉल (४ माना, ६ इजा) आणि फ्रॉस्टबोल्ट (२ माना, ३ इजा). दोन्ही मिळून बरोबर ९, पण त्यासाठी ६ क्रिस्टल हवेत आणि या खेपेला माझ्याकडे ५ आहेत. पुढच्या खेपेला डाव माझा. फक्त मधली एक खेप तगायचं आहे. माझे प्राण ८, त्याच्या पटावर मिळून ७ ची इजा. आता फायरबॉल त्याच्या मोठ्या प्यादावर टाकून जीव वाचवू, की ७ सोसून १ प्राणावर उभी राहू? समोर मेज असता तर प्रश्नच नव्हता, त्याच्या हीरो पॉवरची (दर खेपेला वापरता येणाऱ्या पात्राच्या खास शक्तीची) एक इजा मला संपवायला पुरली असती. पण वॉरलॉकची हीरो पॉवर एक कार्ड ओढून देते आणि त्याच्याच २ प्राणांचा घास घेते. म्हणजे तो कार्ड शोधायला गेला तर माझं काम आणखी सोपं. त्याच्या हातात थेट इजा करणारं एखादं कार्ड आहे का, हे त्याने मागच्या तीन खेपांत काय खेळलं नाही त्यावरून ओळखायचं. एवढा सगळा विचार एका खेपेच्या मिनिट-सव्वा मिनिटात करायचा असतो. ज्याला हे आवडतं, तो पुन्हा पुन्हा इकडे येतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

मार्व्हल स्नॅपने (ऑक्टोबर २०२२) हेच अजून आवळलं. बारा कार्डं, सहा खेपा, तीन जागा, दोघांची चाल एकाच वेळी उघडते. आत्मविश्वास असेल तर पणाला लागलेले क्यूब (खेळातले गुण) दुप्पट करायचे, नसेल तर थोड्यावर निभावून उठून जायचं. कधी उठायचं हे कळणं हे त्यातलं खरं कसब आहे.

तक्त्याच्या कोपऱ्यात तीर्थ मेहताचा उल्लेख केला. भूजचा हा खेळाडू, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, त्यात त्याने हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. आईवडिलांनी ही ओळ जरूर वाचावी.

२६ जुलै, शनिवार

आता हिशेब. नमुन्यासाठी हार्थस्टोनचा ऑगस्ट २०१७ मधला 'नाइट्स ऑफ द फ्रोझन थ्रोन' हा संच (नव्या कार्डांची एक तुकडी) घेतला. आजच्या खेळात बक्षिसांच्या पायऱ्या, पास, नाना प्रकारची पॅकेटं आली आहेत. त्या वेळचे नियम साधे होते आणि आकडे उघड आहेत. संचात १३५ कार्डं, साध्यापासून सर्वांत दुर्मीळापर्यंत : ४९ कॉमन, ३६ रेअर, २७ एपिक, २३ लेजंडरी. डेकमध्ये लेजंडरी एकेकच चालतं, बाकी कार्डं दोन-दोन.

एक पॅकेट १०० गोल्डला (गोल्ड म्हणजे खेळातलं नाणं), त्यात ५ कार्डं, निदान एक रेअर किंवा त्याहून वरचं. एपिक सरासरी ५ पॅकेटांत एक, लेजंडरी २० पॅकेटांत एक. हे आकडे कंपनीने २०१७ मध्ये चीनच्या नियमामुळे जाहीर केले. शिवाय खेळाडूंनी असंख्य पॅकेटं नोंदवून शोधून काढलेलं एक छत आहे : ४० पॅकेटांच्या आत एक लेजंडरी येतंच.

नको असलेलं कार्ड मोडून डस्ट मिळतं आणि डस्टमधून हवं ते कार्ड बनवता येतं. इथे दर बघण्यासारखे आहेत. कॉमन मोडलं तर ५, बनवायला ४०. रेअर २० आणि १००. एपिक १०० आणि ४००. लेजंडरी ४०० आणि १६००. म्हणजे एका लेजंडरीसाठी चार लेजंडरी मोडायची, एका कॉमनसाठी आठ कॉमन. सोनेरी कार्डं (त्याच कार्डांच्या चमकत्या आवृत्त्या) सोडून दिली तर एक अख्खं पॅकेट मोडून सरासरी ८० च्या आसपास डस्ट हाती येतं. तेव्हा हवं ते एक लेजंडरी म्हणजे साधारण २० पॅकेटांचा चुरा. "मला अमुक कार्ड पाहिजे" असं कुणी म्हटलं की त्या कार्डाची खरी किंमत ही असते. दुकानात ती कुठेच लिहिलेली नसते, कारण तिथे फक्त पॅकेटाची किंमत असते.

फुकट खेळणाऱ्याचा हिशेब असा. रोजचं एक काम केलं तर साधारण ५० गोल्ड, तीन डाव जिंकले की १०. रोज ६० धरू. पुढचा संच डिसेंबरात आला, म्हणजे मध्ये चार महिने : ७,२०० गोल्ड, ७२ पॅकेटं, चारेक लेजंडरी. एक दिवस चुकला की तेवढं कमी. पूर्ण संचासाठी, डस्ट आणि सोनेरी कार्डं जमेस धरून, माझ्या ढोबळ हिशेबात ३०० च्या आसपास पॅकेटं लागतात. फुकटची ७२ वजा करून उरलेली ६० पॅकेटांना ६९.९९ डॉलर या भावाने घेतली तर सुमारे २६५ डॉलर, जुलै २०२५ च्या दराने तेवीस हजार रुपयांच्या घरात. असे संच वर्षाला तीन.

पूर्ण संच कुणालाच लागत नाही, हेही मी मोठ्या अक्षरात लिहिणार आहे. २०१४ चा 'झू' डेक आठवतो. वॉरलॉकचा, स्वस्त प्यादांचा, जवळजवळ सगळी साधी कार्डं, आणि तरी तो लॅडरच्या (खेळाडूंच्या क्रमवारीच्या) वरच्या पायरीवर खेळत होता. त्याच काळात लेजंडरींनी भरलेल्या वॉरियरच्या डेकला खेळाडू 'वॉलेट वॉरियर' म्हणत. दोन्ही जिंकत. हातात असलेल्या कार्डांतून काहीतरी उभं करणं हा या खेळातला सर्वांत सर्जनशील भाग आहे, असं मी आजही म्हणेन. संग्रह अपुरा असतो म्हणूनच तो भाग घडतो, आणि त्याच अपुरेपणावर पॅकेटं विकली जातात. हे दोन्ही एकाच जागी आहे, म्हणून पालकांना वाटतं तितकं हे सरळ नाही, आणि मुलांना वाटतं तितकं निरुपद्रवीही नाही.

एप्रिल २०१६ पासून हार्थस्टोनच्या स्टँडर्ड या मुख्य प्रकारात, कायमची मूळ कार्डं सोडली तर, चालू आणि मागच्या वर्षाचेच संच चालतात. त्यामुळे एप्रिलमध्ये आलेला संच तिथे दोन वर्षं टिकतो, ऑगस्टमधला वीस महिने, डिसेंबरमधला सोळा. पॅकेटाची किंमत मात्र तिघांचीही सारखीच. हा तक्ता करताना मला खरंच राग आला.

२ ऑगस्ट, शनिवार

टेबलावरची साधनं ठरली.

पहिलं : वीस बाजूंचा फासा. एक फेक म्हणजे एक पॅकेट, २० पडले तर लेजंडरी. "वीसात एक" ऐकलं की वीस फेकींत एकदा तरी पडणारच, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात शंभर जणांनी वीस-वीस वेळा फासा टाकला तर त्यातले सुमारे ३६ जण हात हलवत परत जातात. चाळीस वेळा टाकूनही सुमारे १३ जणांना काही मिळत नाही. ४० चं छत याच लोकांसाठी आहे. छत नसतं तर काही खेळाडू इतके चिडले असते की खेळ सोडूनच गेले असते, म्हणून ते कंपनीच्याही सोयीचं आहे. त्याला दया म्हणायला माझी तयारी नाही.

दुसरं : हौजीच्या सोंगट्या. सोसायटीच्या हौजीच्या डब्यातून १ ते २३ वेगळ्या काढल्या, म्हणजे संचातली २३ लेजंडरी. समोर २३ चौकोनांचा कागद. पिशवीतून एक काढायची, चौकोन भरायचा, सोंगटी परत पिशवीत टाकायची आणि हलवायची. पहिले दहा चौकोन भराभर भरतात. मग तेच तेच आकडे यायला लागतात. गणित सांगतं की सगळे २३ भरायला सरासरी ८६ वेळा हात घालावा लागतो. त्यातला शेवटचा एक रिकामा चौकोन एकटाच सरासरी २३ वेळा मागतो. आणि प्रत्येक वेळ म्हणजे २० पॅकेटं! डस्टचा आधार नसता तर त्या एका शेवटच्या कार्डासाठी ४६० पॅकेटं फोडावी लागली असती.

नेमका याच फ्रोझन थ्रोनपासून नियम बदलला : जवळ असलेलं लेजंडरी, सगळी मिळेपर्यंत, पुन्हा येणार नाही. टेबलावर हा नियम दाखवायचा तर सोंगटी परत टाकायची नाही, बस्स. ८६ चे २३ होतात. एका ओळीच्या नियमाने एवढा फरक पडतो, हे मुलांच्या हाताला कळलं की माझं निम्मं काम झालं. मार्च २०२० मध्ये ही सोय एपिक-रेअर-कॉमन सगळ्यांना मिळाली.

५ ऑगस्ट

छपाईवाल्याकडे कार्डांचा नमुना दिला. जाड आर्ट पेपर, कडा गोल. चित्रं सोसायटीतल्या मुलींनी काढली आहेत. कुठल्याही खेळातलं चित्र वापरायचं नाही हे आधीच सांगितलं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

पोकेमॉन टीसीजी पॉकेट. ३० ऑक्टोबर २०२४ ला आला. मुलांमध्ये सध्या सगळ्यांत जास्त हाच दिसतो, म्हणून याला वेगळा तक्ता.

भाच्याला शेजारी बसवून पॅकेट फोडताना नीट पाहिलं. पॅकेटांचं एक गोल चक्र फिरतं आणि त्यातून तुम्ही एक निवडता. मग वरच्या कडेवर बोट ठेवून ओढायचं. पॅकेट बोटाच्या वेगाने फाटतं, हळू ओढलं तर हळू. कार्डं एकेक करून पुढे येतात. भाच्याने पॅकेट उलटं करून पाठीमागून फाडलं. तसं केलं की चांगलं येतं म्हणे. खाली एका तक्त्यात प्रत्येक कार्डाची शक्यता टक्क्यांत दिलेली आहे, पण तिथवर तो कधी गेला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून वाचली.

क्राउन दर्जाचं (सर्वांत दुर्मीळ) कार्ड : पॅकेटातल्या चौथ्या जागी ०.०४० टक्के, पाचव्या जागी ०.१६० टक्के. मिळून पॅकेटामागे ०.२ टक्के, म्हणजे ५०० त एक. (सगळी दुर्मीळ कार्डं असलेलं ०.०५ टक्क्यांचं 'रेअर पॅक' मी हिशेबाबाहेर ठेवलं.) रोज दोन पॅकेटं फुकट मिळतात, बारा-बारा तासांनी. वर्षाला ७३०. रोज न चुकता फोडली तर वर्षभरात कुठलं तरी एक क्राउन कार्ड मिळण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. शंभरातल्या तेवीस जणांना वर्षभर रोज दोनदा अ‍ॅप उघडूनही मिळणार नाही.

इथे छताच्या जागी पॅक पॉइंट आहेत. दर पॅकेटाला ५ पॉइंट, क्राउन कार्डाची किंमत २,५०० पॉइंट. भागाकार केला : ५०० पॅकेटं. म्हणजे छत बरोबर सरासरीवरच टेकवलंय. दिवसाला दोनच्या हिशेबाने अडीचशे दिवस. आणि पॉइंट त्या-त्या संचापुरतेच चालतात, तर नवे संच काही आठवड्यांनी येत राहतात. अडीचशे दिवस एकाच जुन्या संचाशी निष्ठा ठेवणारं बारा वर्षांचं मूल मला तरी माहीत नाही.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, मग जास्त पॅकेटं घेतली तर?" मी म्हटलं, छत पाचशेवरच राहतं, फक्त दिवसांच्या जागी पैसे जातात. तो गप्प राहिला, मग त्यानेच कागदावर ते गणित पुन्हा केलं. तो कागदच तक्त्याला चिकटवणार आहे.

एक न्यायाची गोष्ट : हा खेळ खेळायला क्राउन कार्ड लागत नाही. तेच पोकेमॉन साध्या चित्रात मिळतं आणि डावात तेवढंच जोर लावतं. दुर्मीळ कार्ड इथे शोभेचं आहे. मॅजिक अरीनाचं तसं नाही; तिथे एका कार्डाच्या चार-चार प्रती लागतात, रेअर लँडशिवाय दोन-तीन रंगांचा डेक अडखळतो, आणि कार्ड मोडायची सोयच नाही. तिथे वाइल्डकार्ड मिळतात, त्यांच्या बदल्यात त्याच दर्जाचं हवं ते कार्ड घेता येतं, आणि ती जपून वापरावी लागतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

"मग कंपन्या सरळ किंमत का लावत नाहीत?" हा प्रश्न येणार हे धरून एक पान तयार केलं. उत्तर माझ्या आवडीचं नाही, पण खरं आहे ते लिहिलं.

व्हॉल्व्ह या कंपनीचा 'आर्टिफॅक्ट' हा कार्डगेम २८ नोव्हेंबर २०१८ ला आला. रचनाकार पुन्हा गारफील्डच. २० डॉलरला खेळ, २ डॉलरला पॅकेट आणि कार्डांची उघड खरेदी-विक्री. हव्या त्या कार्डाचा भाव समोर दिसत होता. सुरुवातीला एका वेळी साठ हजारांच्या आसपास लोक खेळत होते, काही महिन्यांत शंभरही उरले नाहीत. मार्च २०२१ मध्ये काम थांबवून सगळं फुकट करून टाकलं. खेळ किचकट होता, हे एक कारण. शिवाय बाकीचे खेळ फुकट सुरू होत असताना इथे दारातच पैसे मागितले, आणि आत गेल्यावरही मागितले.

उलट टोक 'लेजंड्स ऑफ रुनटेरा'. २०२० मध्ये रायट कंपनीने काढला. विकत घ्यायची पॅकेटं नाहीत, हवं ते कार्ड ठरलेल्या किमतीला, आणि खेळता खेळता इतकं मिळायचं की पैसे भरायची गरज वाटत नसे. या सगळ्यांत तो माझा सर्वांत लाडका. जानेवारी २०२४ मध्ये रायटने नोकरकपातीबरोबर सांगितलं की हा खेळ स्वतःचा खर्च काढू शकलेला नाही. भर एकट्याने खेळायच्या भागावर गेला आणि दोघांतल्या सामन्यांकडचं लक्ष कमी झालं. खेळाडू पैसे देत नसतील तर खेळ कसा चालणार, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही. मला वर्षाची एक ठरलेली वर्गणी भरायला आवडेल. तसा पर्याय मोठ्या कार्डगेमांत माझ्या पाहण्यात नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सना मान्यता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच विचारणा : "तुमच्या टेबलाचं काय? ते पण बंद का?"

मी असं समजावलं. या कायद्याचा सगळा रोख डाव लावणं आणि त्यातून पैसे किंवा तत्सम काही मिळवणं यावर आहे. या खेळांत पॅकेटातलं कार्ड कंपनीला परत विकता येत नाही, पैसा फक्त आत जातो. म्हणून रमी-पोकरच्या अ‍ॅपच्या पंक्तीत याला बसवता येत नाही, असं माझं वाचन आहे. पण नशिबाचा भाग तर आहेच, आणि त्यावर जगात आधीच पावलं उचलली गेली आहेत. जपानमध्ये २०१२ साली 'कोम्पू गाचा' बेकायदा ठरला. त्यात नशिबाने मिळालेल्या वस्तूंचा पूर्ण संच जमला की मोठं बक्षीस, अशी रचना होती. माझी हौजीची पिशवी त्याच जातीची. चीनने मे २०१७ पासून शक्यता जाहीर करायला लावल्या. तेव्हा तिथे हार्थस्टोनमध्ये डस्ट विकायला ठेवलं आणि पॅकेटं त्यावर "भेट" म्हणून दिली. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या स्टोअरवर शक्यता छापणं सक्तीचं केलं. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गाजलेल्या खेळांतल्या लूट बॉक्सना (आत काय ते न कळता विकत घ्यायच्या पेट्यांना) सरळ जुगार ठरवलं.

शक्यता छापल्या हे चांगलंच झालं. पण ०.१६० टक्के हा आकडा वाचून बारा वर्षांच्या मुलाला काय कळणार? "रोज दोन फोडलीस तर अडीचशे दिवस" हे कळतं. कायद्याने टक्क्यांऐवजी दिवस आणि रुपये छापायला लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

काल-आज टेबल लागलं. आरतीनंतर गर्दी.

फाशाला हात लावल्याशिवाय कुणी गेलं नाही. दुसऱ्याच फेकीला वीस पडलेला एक मुलगा टेबल सोडेना. त्याला वाटलं त्याला जमतं. पुढच्या फेकींत काही पडेना तेव्हा तो फासा बदलून मागायला लागला. त्याची आई मागे उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "घरी पण अस्संच करतो, फोन बदलून मागतो. हे त्यातलंच का?" मी हो म्हटलं.

हौजीच्या पिशवीपाशी तीन मैत्रिणी बसल्या आणि एक चौकोन उरेपर्यंत आल्या. १७ येईना. पाच वेळा १७ च्या शेजारचे आकडे आले तेव्हा त्यातली एक म्हणाली, "ताई, आम्ही सतरा विकतच घेतो ना." मग तिला डस्टचे दर दाखवले : जमलेली चार लेजंडरी मोड आणि सतरा घे. ती कुठली चार द्यायची यावरून तिघींत भांडण जुंपलं. पैशांचा विषय तिथेच मागे पडला आणि डेकची चर्चा सुरू झाली. कुठलं कार्ड कुठल्याबरोबर चालतं, कुठलं नुसतं दिसायला छान आहे. मला दोन्ही बाजू एकाच टेबलावर दिसल्या त्या तेव्हा.

रमी खेळणाऱ्या एका आजोबांचा प्रश्न सगळ्यांत नेमका. "पत्ते एकाच कॅटमधून वाटतात, म्हणून हरलो तरी तक्रार नसते. इथे ज्याचा खिसा मोठा त्याचा कॅट मोठा. मग बरोबरी कुठे राहिली?" त्यांना हार्थस्टोनचा मूळ अरीना प्रकार सांगितला. १५० गोल्ड भरायचं, तीन कार्डांतून एक असं तीस वेळा निवडायचं आणि त्याच डेकने खेळायचं, बारा विजय किंवा तीन पराभव होईपर्यंत. तिथे तुमच्या संग्रहाला काही अर्थ नसतो. आजोबा म्हणाले, "हा खेळ मला शिकव." संध्याकाळी छापलेल्या कार्डांतून त्यांच्याशी कागदी ड्राफ्ट (असाच कार्डं निवडत जायचा डाव) केला. त्यांनी पहिल्या दहांत सगळी महाग कार्डं उचलली आणि पहिल्या चार खेपा हात बांधून बसले. दुसऱ्या डावात स्वस्त कार्डं घेतली आणि मला हरवलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

टेबलाला एक पाटी वाढवली, कारण बऱ्याच मुलांनी "पण कार्डं माझीच राहतात ना?" असं विचारलं.

पाटीवर तीन नोंदी. 'ड्युलिस्ट' हा डिजिटल कार्डगेम फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाला. 'एल्डर स्क्रोल्स: लेजंड्स'चे सर्व्हर जानेवारी २०२५ मध्ये बंद झाले. चीनमध्ये हार्थस्टोन जानेवारी २०२३ मध्ये करार संपल्यामुळे थांबला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत आला. मधले वीस महिने तिथल्या खेळाडूंच्या संग्रहाला कुलूप होतं. ते परत मिळालं हे त्यांचं नशीब. १९९३ चं मॅजिकचं कागदी कार्ड आजही कुणाशीही खेळता येतं, विकता येतं, भाच्याला देता येतं. डिजिटल कार्डावर खर्च करताना तो सिनेमाच्या तिकिटासारखा धरावा : मजा आली, पैसे वसूल. कपाटात ठेवायची वस्तू म्हणून धरू नये.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. टेबल आवरलं, सोंगट्या मोजून हौजीच्या डब्यात परत.

पुढचं काम ठरलं आहे. आजोबा आणि त्या तीन मैत्रिणी धरून एक छोटा गट झाला आहे, त्यांना दर रविवारी खेळायचं आहे. नशिबाचं पॅकेट नसलेला खेळ हवा म्हणून नेटरनर हा कागदी कार्डगेम घेतला. १९९६ मध्ये गारफील्डनेच केला, तेव्हा इतर खेळांसारखा तोही नशिबाच्या पॅकेटांतून विकला गेला. २०१२ मध्ये दुसऱ्या कंपनीने तोच खेळ नव्याने काढला तेव्हा प्रत्येक पॅकेटात काय आहे ते ठरलेलं आणि सगळ्यांना सारखं. २०१८ मध्ये तो परवाना संपला. आता नल सिग्नल गेम्स हा चाहत्यांचा गट नवी कार्डं काढतो आणि घरी छापण्यासाठी ती फुकट देतो. ऑनलाइन खेळायचीही सोय आहे. छपाईवाल्याकडे त्याच आर्ट पेपरची चौकशी केली. उरलेल्या तावांत पहिला संच बसतो आहे.

पायथनचा हिशेब सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संचातली कार्डं, पॅकेटाची शक्यता, छत आणि रोजची फुकट पॅकेटं एवढं भरलं की तो तीन आकडे देतो : निम्म्या लोकांना किती दिवस लागतील, दहातल्या सर्वांत कमनशिबी एकाला किती, आणि छताला किती रुपये. सरासरी मी मुद्दाम दाखवत नाही, कारण ती वाचून प्रत्येक जण स्वतःला नशीबवान धरतो. पॉकेटच्या क्राउन कार्डासाठी निम्म्यांचा आकडा सुमारे १७३ दिवस येतो. भाचा आता त्यात मार्व्हल स्नॅपचे आकडे भरतो आहे. तिथे कार्डं मिळायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे हिशेबाची रचना बदलावी लागेल. ती पुढच्या आठवड्यात.